म्हातारीचं टायमिंग

भंगारवाला सकाळी येणार होता, आणि त्याला बोलावलं होतं आमच्या ह्यांनीच. मला न विचारता! कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

न्यायचं होतं माझं शिवणयंत्र. कारखान्यातलं, जाड कापडाचं. ताडपत्री, बॅगा, गाड्यांची कव्हरं, काहीही पुढ्यात टाका, गुमान शिवणार. आम्ही तिला म्हातारी म्हणतो. कारखाना बंद पडला तेव्हा मी ती विकत घेतली. हे त्याच कारखान्यात मेकॅनिक होते. तेव्हापासून शिवायचं मी आणि राखायचं ह्यांनी. तेल, पट्टा, सुईचा आणि खालचा दोरा धरणाऱ्या शटलचा मेळ म्हणजेच टायमिंग, सगळं ह्यांच्याकडे.

पण मागच्या आजारपणापासून ह्यांचा उजवा हात थरथरतो. त्यातच आम्ही खोली बदलली. हलवाहलवीत शटल सरकलं, म्हणून ह्यांनी सगळं खोलून नव्याने जुळवलं. मोटरच्या वायरी माझ्या धाकट्या भावाने जोडून दिल्या. बटण दाबलं आणि पहिल्याच टाक्याला खाली दोऱ्याचा हा गुंता! ह्यांनी पुन्हा खोललं, पुन्हा जुळवलं. पुन्हा गुंता.

शेवटी ह्यांनी पाना खाली ठेवला. "माझा हात गेला," म्हणाले. "आता हे माझ्याच्याने व्हायचं नाही. जाऊ दे भंगारात."

म्हातारी गेली तर दुसरं यंत्र आणता येईल हो, पण तिच्यामागे हा माणूस कायमचा कोपऱ्यात जाऊन बसेल. ते मला चालणार नव्हतं.

"यंत्र माझं आहे," मी म्हटलं. "मी हो म्हटल्याशिवाय तिचा खिळासुद्धा हलणार नाही."

"अगं, हट्टाने टाके पडतात का?"

"बघूच."

सकाळी केर तसाच टाकून मी यंत्रावर बसले. पट्टा काढून चाक हाताने फिरवलं. टाका सुरेख पडला! पट्टा चढवून पेडल दाबलं, की गुंता. हाताने शहाणी आणि मोटरवर वेडी, ही कुठली तऱ्हा? दोरा कापून कापून बोटं दुखायला लागली. शेवटी वैतागून मी दोराच काढून टाकला. म्हटलं, नुसती चाल तरी बघू हिची. ताडपत्रीचा तुकडा सुईखाली सारला आणि पेडल दाबलं.

तुकडा पलीकडे जायचा सोडून माझ्याच पोटाशी आला.

अगं बाई! चाक उलटं फिरत होतं, मग शटल दोरा धरणार कसं? हाताने मी ते सवयीप्रमाणे माझ्याकडे फिरवत होते, आणि मोटर त्याला पलीकडे ओढत होती. वायरी जोडताना अदलाबदल झाली होती. माझ्याच माहेरचा प्रताप! आणि मी मेली दोन दिवस "भावाचं काम कसं चोख" म्हणून ह्यांचे कान किटवत होते.

"अहो, इकडे या!"

हे आले. मी पुन्हा पेडल दाबलं. तुकडा माझ्याकडे येताना बघून ह्यांच्या भुवया वर गेल्या.

"तुमचा हात नाही चुकला," मी म्हटलं. "मेळ पहिल्यापासून बरोबर होता. माझा भाऊ चुकला."

तेवढ्यात दारात हाक आली, "भंगार!"

मी मेन स्विच बंद केला. दोन वायरी बदलायच्या, माझं मलाही जमलं असतं. पण स्क्रू ड्रायव्हर मी ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तो घेतला. टोक स्क्रूवरून घसरलं. पुन्हा घसरलं. मी हात मागे बांधून उभी राहिले.

"ताई, लवकर करा, गाडी रस्त्यात आहे," भंगारवाला म्हणाला.

"घाई असेल तर चालू लागा!" मी अशी खेकसले की तो मुकाट पायरीवर टेकला.

वायरी बदलल्या. ह्यांनी स्वतःच दोरा ओवला, त्यालाही वेळ लागला. मी ताडपत्रीची चौपदरी घडी घातली आणि पेडल दाबलं. म्हातारी धडधडत निघाली, थेट कडेपर्यंत.

ह्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. मग पालथी करून खालचे टाके बघितले.

"खालचा दोरा जरा सैल आहे," म्हणाले. "दे तो स्क्रू ड्रायव्हर."

आणि मान न वळवताच दाराकडे ओरडले, "अहो, तुम्ही जा. इथे काम चालू आहे."