हळदीचं काडतूस, कुंकवाचं काडतूस

माझा डावा हात कोपराखाली न्हाई. इहीर खांदताना सुरुंग येळेआदी उडाला अन् हात तिथंच राह्यला. त्यात रडण्यासारखं काय न्हाई, माझ्यासंगतीच्या एकाचा जीव गेला. पण एका हाताच्या माणसाला बंदूक पेलत न्हाई, म्हणून माझ्याकडं पिस्तूल व्हतं. पिस्तूल म्हणायचं म्हणून. नळी चांगली हातभर लांब. निजामाच्या राज्यात एका जहागीरदारानं शिकारीसाठी घडवून घेतलेलं, पुढं माझ्या बापाकडं आलेलं, लायसन पिकाच्या राखणीचं. एका येळी एकच काडतूस बसायचं. बाभळीची बेचकी जिमिनीत रोवायची, तिच्यावर नळी टेकवायची अन् डुकराची वाट बघत बसायचं.

साल बहात्तरचं. पाटोद्याकडच्या आमच्या शिवारात सोसायटीचा सहा एकराचा बियाण्याचा प्लॉट सोडला तर हिरवी काडी नव्हती. सोसायटीच्या इहिरीला तेवढं पाणी टिकून व्हतं, म्हणून हायब्रीड ज्वारी उभी व्हती. सगळ्या गावाचं पुढल्या सालचं पेरायचं तिच्यात व्हतं. मग डुकरं काय येडी हायेत का दुसरीकडं जायला? चेअरमन अर्जुनरावानं मला बोलावलं अन् म्हणला, "गहिनीनाथ, राखण तू कर. एक कणीस गेलं तरी सभासद माझं डोकं खातील."

काडतुसं मी घरीच भरायचो. दुकानातलं काडतूस खांद्याच्या बंदुकीचं. एका हातात ते असा झटका द्यायचं की मनगट उलटं व्हायचं. म्हणून मोकळं पितळी काडतूस दोन गुडघ्यांत धरायचं अन् आपल्या अंदाजानं भरायचं. मग पोत्याला चुना फासायचा, झाडाला टांगायचं, बार काढायचा अन् भोकं किती, कुठं, ते बघायचं. दारू जरा कमी कर, बूच जाड कर, परत मार. दोन म्हैने ह्येच चाललं. माझी बायको बायडाबाई म्हणायची, "डुकरं कमी अन् पोतीच जास्त मारली तुमी." म्हणू द्या. शेवटी असा बार जमला की हात हलायचा न्हाई अन् डुक्कर जाग्यावर बसायचं. मला त्याचा लई अभिमान व्हता. दुसरं मला येत काय व्हतं?

ह्या झाल्या छर्ऱ्याच्या गोष्टी. दुसरं काडतूस सिदूसाठी व्हतं.

सिदू माझा मेव्हणा, बायडाबाईचा धाकटा भाऊ. चाळीसेक मेंढरं, अन् त्यांना प्यायला कुठं थेंब न्हाई. प्लॉटच्या कडेनं पाट वाहायचा. तिथं गावच्या जनावराला बंदी, कारण एकाला सोडलं की सगळं गाव येणार अन् इहीर चार दिवसांत कोरडी पडणार. ठराव झाल्ता तसा. पण सिदूची मेंढरं तहानेनं मरत व्हती अन् बायडाबाई घरात तोंड फिरवून बसत व्हती. मग मी एक काडतूस बनवलं. छर्ऱ्याच्या जागी चाळलेली काळी माती. आवाज तेवढाच, धूर तेवढाच, अन् पुढं जाऊन नुसता फुफाटा.

रोज दिस उगवताना सिदू यायचा. मी गावाला ऐकू जाईल असं वरडायचो, "सिदू, माघारी फीर! आज छर्रे हायेत, मरशील!" सिदू पाठ फिरवायचा, घोंगडी वर करून वाकायचा अन् म्हणायचा, "मारा की दाजी, पाठ लई खाजतीया!" मी बार काढायचो. गावात लोक म्हणायचे, गहिनीनाथ मेव्हण्यालाबी सोडत न्हाई. तोवर मेंढरं पोटभर पाणी पिऊन बांधापल्याड गेलेली असायची. ती मेंढरं सुद्दा बाराला इतकी सरावली की मान वर करत नव्हती.

एकच अडचण. अर्जुनरावाला खोड व्हती, येता-जाता माझ्या पिशवीत हात घालायचा अन् काडतूस तळहातावर झेलून बघायचा. मग मी मातीचं काडतूस गच्च भरलं, छर्ऱ्याचं जरा हलकं केलं, अन् सोनाराच्या तराजूत दोन्ही सारखी करून आणली. हलवून बघा, दोन्ही मुकी. डोळे झाकून हातात घ्या, माझं मला वळखू येत नव्हतं. वळख एकच: बुडाला तेलात कालवलेल्या हळदीचं न्हाईतर कुंकवाचं बोट. हळदीचं म्हंजी माती, कुंकवाचं म्हंजी छर्रे.

हुशारी अंगाशी येती म्हणतात, ते खोटं न्हाई.

खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा. दिवसभर मी मळ्यातनं येऊन झोपलो व्हतो. बायडाबाईनं इचारलं, "पिस्तुलाची पूजा करू का?" मी झोपेतच म्हणलं, "कर की." दसऱ्याच्या पहाटे अंधारातच पिस्तूल अन् पिशवी उचलली अन् गेलो. उजाडल्यावर मळ्यात पिशवी उघडली, तर काडतुसं नव्या भांड्यासारखी लखलखीत. बाईनं एकेक काढून चिंचेनं घासलं व्हतं. पुसलं व्हतं. अन् बाराच्या बारा काडतुसांना हळदबी लावली व्हती अन् कुंकूबी.

कोणतं माती अन् कोणतं छर्रे, आता ब्रह्मदेवाला ठावं. मी ठरवलं, आज पिस्तुलात कायबी घालायचं न्हाई. सिदू आला की जवळ जाऊन सांगायचं, अन् घरी जाऊन सगळी फोडायची.

तेवढ्यात अर्जुनराव आला. हातात विळा, डोक्याला नवा फेटा. देवापुढं ठेवायला पाच कणसं न्यायची म्हणून आल्ता. सणाचा दिवस, माणूस खुशीत. अन् बांधावरून मेंढरांचा आवाज आला.

"आला तुझा मेव्हणा," अर्जुनराव म्हणला. "मार की बे."

"आज सण हाय साब. आज नगं."

"सण हाय म्हणूनच. आण इकडं, आज एक बार मी काढतो." त्यानं बेचकीवरलं पिस्तूल उचललं, पिशवीत हात घातला, काडतूस तळहातावर झेललं अन् आत बसवलं.

"साब, त्यात छर्रे हायेत!"

त्यानं माझ्याकडं बघितलं अन् हासला. तो कावून हासला ते मला तवा कळलं न्हाई. मी बांधाकडं तोंड करून वरडलो, "सिदू, माघारी फीर! आज छर्रे हायेत, खरंच हायेत, मरशील!"

आई शप्पत, त्या येळेला मला माझंच तोंड फोडावं वाटलं. रोज ह्येच तर वरडत व्हतो. दुसरे शब्द आणू कुठून? सिदू हासला, पाठ फिरवली, घोंगडी वर केली अन् वाकला. "मारा की! आज तर चेअरमनसाबबी हायेत, डबल खाजतीया!"

अर्जुनरावानं नळी बेचकीवर टेकवली. मी धावलो अन् थोट्या हातानं नळी खालनं वर मारली. बार झाला.

सिदूच्या डोक्यावरची बाभळीची फांदी मोडून त्याच्या घोंगडीवर पडली. मेंढरं पहिल्यांदाच उधळली. म्होरल्या मेंढ्याच्या कानातनं रगत निघालं. सिदू तसाच वाकलेला. "झालं का दाजी?" म्हणला. मग त्याला फांदी दिसली. मेंढ्याचा कान दिसला. तो हळूहळू खाली बसला.

अर्जुनरावाच्या हातातलं पिस्तूल गळून पडलं. "माती असते," तो म्हणला. "गहिनीनाथ, माती असते ना त्यात? मला म्हैन्यापास्नं माहीत हाय. घोंगडीवर काळे डाग बघितलेत मी. छर्ऱ्यानं भोक पडतं, डाग पडत न्हाई. हळदीचं बोट मातीचं, तेबी वळखलं व्हतं, अन् आज हळद बघूनच बसवलं मी."

"मग गप कावून ऱ्हायलात?"

"मेंढरांनी काय हवा प्यायची का बे?" तो म्हणला. "ठराव मोडता येत न्हाई मला. तुमचं चाललंय ते चालू दिलं. आज सणाचं म्हणलं, गमतीत आपणबी..." नवा फेटा काढून त्यानं तोंड पुसलं. देवाची कणसं न कापताच तो गेला. जाताना म्हणला, "पाजून घे म्हणावं त्याला. उद्यापास्नं बार नको. मी सभेत बोलतो."

मी बांधावर जाऊन सिदूजवळ बसलो. काडतुसं गुडघ्यांत धरून एकेक फोडलं अन् घोंगडीवर वतलं. एकातनं माती. पुढच्यातनं छर्रे. परत छर्रे. सिदूनं एक छर्रा उचलून बोटात फिरवला.

"दाजी, तुमी वरडला व्हता."

"वरडलो."

"मी हासलो."

"तू रोजच हासतूस."

मग मला रडू आलं. हात गेला तवाबी आलं नव्हतं.

सांजच्याला सिदू आपट्याची पानं घेऊन घरी आला. मला सोनं दिलं अन् पाया पडला. उठताना माझा एकच हात लई येळ धरून बसला. बायडाबाईनं दोघांना रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकर अन् गूळ वाढला. सणाला तेवढंच व्हतं. वाढता वाढता म्हणली, "यंदा काडतुसांची पूजा मी चांगली घासूनपुसून केली. हळद-कुंकवाचं बोट लावल्याबिगर एकबी ऱ्हायलं न्हाई. बघा, तुमची राखण कशी सुखरूप ऱ्हाईल."

मी सिदूकडं बघितलं, सिदूनं माझ्याकडं. त्याच्या तोंडातला घास तिथंच अडकला व्हता. त्यानं पाणी पिलं, तो कसाबसा गिळला, अन् ताट पुढं केलं.

"लई चांगलं केलंस आक्के," तो म्हणला. "अजून एक चतकूर वाढ."