वास नसलेलं तेल

कॅप्सूल अख्खी गिळायची, एवढा साधा नियम. पण भोपळ्याच्या घशाखाली गोळी कधी सुखानं उतरली आहे? लहानपणी गोलमटोल होता म्हणून पडलेलं नाव. आतड्याच्या दुखण्यानं त्याची काडी झाली तरी ताईच्या तोंडातून ते सुटलं नव्हतं. रविवारी तो तिच्याकडे जेवायला आला, कात्रीनं कॅप्सूलचं टोक उडवलं आणि आतलं तेल दह्याच्या चमच्यात पिळलं.

शेजारीच वाढत उभ्या असलेल्या ताईचा हात थांबला. वास आला नाही.

प्रयोगशाळेत ते तेल तीच काढायची. भांगेच्या कुळातल्या झाडातला नशेचा भाग वगळून उरलेला अर्क आतड्याची सूज उतरवतो का, याची तिथे तपासणी चालली होती. भोपळाही त्यातला एक रुग्ण. निम्म्या रुग्णांना अर्क, निम्म्यांना साधं तेल. कोणाला काय, हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. पण अर्काचा उग्र, हिरवा वास तिच्या केसांतून साबणानंही जात नसे. कॅप्सूल कापली की सगळं उघडं पडणार, हे मात्र कुणा शहाण्याला सुचलं नव्हतं. तिलाही नाही.

तिनं चमचा उचलून नाकाशी नेला. नुसतं दही.

"काय गं, आंबलंय का?"

"नाही."

"अमृत आहे तुमचं औषध. दोन महिन्यांत पोटात एक कळ नाही. काल तीन मजले एका दमात चढलो!"

ताईनं खिडकी उघडली, लावली, भरलेला जग पुन्हा भरायला घेतला. सांगितलं तर अभ्यासातून त्याचं नाव जाईल; जाऊ दे. पण ही परत आलेली भूक, हे हसू? बरा आहे ना, मग कशाला तोंड उघडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला जरा हायसं वाटलं.

"आणि ऐक," तो म्हणाला, "जुन्या गोळ्या सोमवारपासून बंद केल्यात. डॉक्टरांपाशी बोलू नकोस."

तिनं जग खाली ठेवला. मागच्या वेळी त्यानं हेच केलं होतं. रक्त पडलं, तीन आठवडे दवाखाना झाला आणि पुन्हा असं झालं तर आतडं कापावं लागेल, असं सर्जननं बजावलं होतं.

"आत्ताच्या आत्ता सुरू कर."

"कशाला? हे चालू आहे की."

"दोन्ही घ्यायचं असतं."

"तूच म्हणालीस ना, अर्क लागू पडतोय असं दिसतंय?"

"भोपळ्या, वाद घालू नकोस. गोळी घे!" तिचा आवाज फाटला.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग चमच्याकडे, तो अजून तिच्याच हातात होता. त्यानं तो घेऊन हुंगला. मग वाकून तिचे केस हुंगले.

त्यानं पिशवीतून जुन्या गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी कशीबशी गिळली.

"उद्या डॉक्टरांना मी सांगते," ती म्हणाली.

"सांग." तो थांबला. "पण ताई, मग माझ्या पोटातली कळ कशानं थांबली होती?"

दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा हात आपसूक पोटावर गेला.