घरचीच

बाइंडिंगचा कारखाना म्हणायचा, पण ती होती घराचीच पुढची खोली. भिंतीला छापील कागदांचे गठ्ठे, मध्ये लांब टेबल, त्यावर खळीचं भांडं आणि खिडकीपाशी आत्या. सोळा पानांचा फर्मा घ्यायचा, घडीवर दाभणाने भोकं पाडायची आणि तो आधीच्या फर्म्याला दोऱ्याने शिवायचा. तेहतीस वर्षं आत्या हेच करत होती. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, ती भावाच्या घरी आली आणि आठ दिवसांत भावाने तिच्या हाती सुई दिली. आता भावाच्या मागे त्याचा मुलगा कारखाना चालवायचा. हजेरीपटावर आत्याचं नाव कधीच चढलं नाही. कुणी विचारलंच तर भाचा हसून म्हणायचा, "अहो, तिची कसली हजेरी? ती घरचीच."

घरची म्हणून पगार नाही, घरची म्हणून रजा नाही. आणि घरचे जेवायला बसले की घरचीने वाढायला उभं राहायचं.

आत्याचा एकच हट्ट होता. पुस्तक शिवण्याआधी त्याचा पहिला फर्मा ती वाचून काढायची. पुढचं वाचायला सवड कुणाला? "शेकडो पुस्तकं सुरू केलीत मी," ती म्हणायची, "शेवट एकाचाही ठाऊक नाही."

भाच्याची बायको, घरची सून, हुशार होती आणि मनाने वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. वाचनालयात संध्याकाळी तत्त्वज्ञानाचा वर्ग सुरू झाला, तेव्हा तिने पहिल्याच दिवशी नाव घातलं. न्याय म्हणजे काय, माणसाला साधन म्हणून वापरावं का, अशा प्रश्नांनी तिची झोप उडाली. एके दिवशी मास्तरांनी निबंध सांगितला. "आपण जे योग्य मानतो त्यातली एक गोष्ट घ्या. ती आपल्या घरात कुणाच्या जिवावर चालते, ते तपासा."

त्याच आठवड्यात आत्याने दोनदा सुई बोटात घुसवून घेतली. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणाली. सुनेने तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवता येते. आठवड्याच्या आत मोठ्या दवाखान्यात न्या."

"आठवडा?" भाचा वैतागला. "शाळेच्या पुस्तकांचं काम डोक्यावर बसलंय! महिनाभर थांबू या. आत्या काय परकी आहे? घरचीच तर आहे, सांभाळून घेईल."

"बघा बाबा, तुमच्या सोयीनं," आत्या म्हणाली आणि पुढचा फर्मा चाचपू लागली.

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. पण नवऱ्याशी वाद घालायचा सोडून ती वही घेऊन बसली. निबंधाचा विषय तिला घरातच सापडला होता. तेहतीस वर्षं, दाभण, खिडकी, वाढायला उभी राहिलेली बाई, सगळं तिने लिहिलं. डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं होतं, म्हणून चिठ्ठी वहीतच ठेवली. खाडाखोड करत तीन आठवडे गेले. वर्गात तिने तो वाचला, तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून डोळे टिपले. हा निबंध पुस्तकरूपाने निघालाच पाहिजे, असं ठरलं. शिवायला तो अर्थातच याच कारखान्यात आला.

तोवर आत्याचा उजवा डोळा विझला होता आणि डाव्याला कडेचं काही दिसत नव्हतं. तिने फर्मा हातात घेतला, कागद कुरवाळला.

"सूनबाई, मला काही हे वाचवत नाही. एवढा पहिला फर्मा वाचून दाखव गं."

"राहू दे ना आत्या, नंतर वाचते."

"नंतर कशाला? वाचल्याशिवाय मी शिवत नाही, माहीत आहे ना तुला?"

सुनेने वाचलं. अडखळत, पाणी पीत, पण सोळाही पानं वाचली. डॉक्टरांच्या वाक्याच्या दोन ओळी गाळाव्यात असं तिला वाटलं, पण गाळता आल्या नाहीत.

आत्याने तिच्या हातातून फर्मा परत घेतला.

"छान लिहिलंयस. माझं इतकं कुणी पाहिलं नव्हतं." मग तिने विचारलं, "लिहायला किती दिवस लागले?"

"तीन आठवडे."

"आणि दवाखान्याला?"

सुनेने पाण्याचा पेला पुन्हा उचलला.

"एक सकाळ लागली असती गं," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. तिने दोरा तोडला, सुनेचा तळहात चाचपून शोधला आणि सुई त्यावर ठेवली. "हे पुस्तक मी शिवणार नाही. परक्या कुणाकडून शिवून घ्या."

भाचा आतून ओरडत आला, "आत्या, उद्या माल द्यायचाय! घरचीच असून असं करतेस?"

"घरची नाही रे मी," भिंतीचा आधार घेत आत्या दाराकडे निघाली. "तेहतीस वर्षं कामाला होते. आज काम सोडलं."

सून वहीतली चिठ्ठी काढून तिच्यामागे धावली. डाव्या डोळ्यातलं उरलंसुरलं वाचेल की नाही, मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पुस्तक मात्र निघालं. शिवण वाकडी आहे, ती सुनेची. वाचून तुमचे डोळे पाणावले, तर ते टिपत बसू नका. उठा आणि तुमच्या घरात न जेवता कोण उभं आहे, ते बघा.