गवती चहाचा ठोंब

काडीमोडीच्या बैठकीत माझं कपाट, भांडी, शिलाई मशीन, सगळं परत द्यायला सासरचे तयार होते. मी म्हटलं, मागच्या दारचा गवती चहाही नेणार, त्याशिवाय सही नाही. मंडळी हसली.

सासूबाई, इंदुबाई, म्हणाल्या, "आमच्या मातीत वाढला तो आमचा."

म्हणे आमची माती! वडखळच्या पुढे खाडीला लागून घर, घरच्यांचा सगळा जन्म मिठागरात गेलेला. त्या मातीत तुळससुद्धा नखरे करते. लग्नात आईने माझ्या माहेरी, खांब गावी, दिलेल्या चार काड्या मी ओल्या फडक्यात आणल्या, उंचवटा करून लावल्या, शेणखत घातलं, दर पावसाळ्यात ठोंब फोडून वाढवला. आईकडचा ठोंब पुढे रस्त्याच्या रुंदीकरणात गेला, उरला तो हाच. त्या घरात माझ्या हाताला यश आलं ते एवढंच. ते सोडून मी जाणार नव्हते.

बैठकीतले वडीलधारे पुंडलिककाका शेवटी म्हणाले की नेऊ दे, गवतच तर आहे.

कुदळ घेऊन मागे गेले तर ठोंबावर घमेलंभर मीठ, वर पाणी ओतलेलं. मीठ पिकवणाऱ्या घराला मीठ काय करतं हे शिकवावं लागत नाही. माझं टाळकं सरकलं. रडू आलं नाही, याचंच बरं वाटलं.

पाती वीतभर ठेवून कोयत्याने छाटली, ठोंब खणून काढला आणि मुळं धुवायला थेट पिंपाकडे गेले. त्यात टँकरचं पाणी, चार दिवसांनी एकदा येणारं. पहिला तांब्या ओतला तशा इंदुबाई धावत आल्या. त्यांच्यामागे माझा नवरा प्रवीण.

"पिण्याचं पानी हाय गो ते. घरात मानसं हायत."

"ठाव हाय," मी म्हटलं. "चार वर्षं ह्यो पिंप मीच भरलाय, डोक्यावरनं. आज माजं पानी मी घेतेय."

तळ लागेपर्यंत धुतलं. मुळं चाटून बघितली, खारट लागेनात तेव्हाच थांबले. रिकामं पिंप आडवं केलं, ठोंब गोणीत घातला आणि सही केली. पाण्यावरून पुंडलिककाकांनी सही अडवली नाही. पाणी कोण भरत होतं हे अख्ख्या आळीने पाहिलं होतं.

निम्म्या काड्या कुजल्या. उरलेल्या रोह्यात माझ्या भाड्याच्या खोलीमागे जगल्या आहेत. पाऊस लागला की फोडून आणखी दोन ठिकाणी लावीन. सकाळी कंपनीच्या शिफ्टला निघण्याआधी दोन पाती तोडते, चहा करते आणि गरम असतानाच बसून पिते. मध्ये हाक मारायला आता कुणी नाही, आणि मारली तरी मी उठणार नाही.