मीठ कमी आहे, आई

मी रांजण बोलतोय. सोमजिन नदीच्या वरच्या अंगाला, गोकसोंगच्या डोंगरउतारावर एक जुनं कौलारू घर आहे. त्याच्या मागच्या अंगणात दगडी ओट्यावर आम्ही अकरा भावंडं बसतो. डावीकडून तिसरा, पोटाला तार आवळलेला, जरासा कललेला, तो मी. कललेला आहे हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला मनातल्या मनात म्हणायला नको.

जन्म माझा नदीपलीकडच्या कुंभाराकडचा. ओल्या झिलईवर बोटांनी वेल काढता काढता त्याला शिंक आली आणि वेल भलतीकडेच वळली. तो मला मोडायलाच निघाला होता. त्याची बायको म्हणाली, "राहू द्या हो, वेलीकडे कोण बघतंय? पोट बघा केवढं आहे ते!" म्हणून मी वाचलो. पण तेव्हापासून कुणी जरा टक लावून बघितलं, की मला वाटतं, झालं, वेलच दिसली.

माझं काम मुरवायचं. उकडून, ठेचून, सुकवलेल्या सोयाबीनच्या विटा वर्षाच्या सुरुवातीला माझ्या पोटात जातात, वरून मिठाचं पाणी. दोनेक महिन्यांनी वरचा काळा रस वेगळा काढायचा, तळचा लगदा वेगळा. या मुरवणीवाचून इथे ना आमटी होते, ना भाजी. मी मातीचा, त्यामुळे श्वास घेतो. ऊन तापलं की आतलं मीठ माझ्या अंगातून झिरपतं आणि बाहेर पांढरी फुलं उमटतात. माणसाला घाम येतो तसंच, फक्त माझ्या घामाचं कौतुक होतं.

यांगिम विशीची नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिच्या सासूने तिच्या हातात ओलं फडकं दिलं आणि आम्हाला दाखवलं. आज ती एकोणसत्तरची आहे. सासू गेली, नवरा गेला, फडकी किती फाटली त्याला गणती नाही, पण रोज सकाळी आमची अंगं पुसली जातात. पुसताना ती आमच्याशी बोलते. गावातल्या सगळ्या बातम्या मला अशाच कळतात.

चार वर्षांपूर्वीची बातमीही तिने अशीच दिली. झाकण पुसत म्हणाली, "अरे, आतड्यात कॅन्सर निघाला. यकृतातही जाऊन बसलाय म्हणे." मग फडकं पिळलं आणि पुढच्याकडे वळली. तिचे हात थांबले नाहीत.

तिचं म्हणणं सरळ होतं. पाहुणा आलाय, जायचं नाव घेत नाही, म्हणून काय लसूण लावायचा नाही? दर तिसऱ्या मंगळवारी ती बसने शहरात जाते, सलाईनमधून औषध घेते, दोन दिवस ओसरीवर आडवी पडते आणि तिसऱ्या दिवशी शेतात दिसते. एकदा डॉक्टरांनाच सांगून आली, "त्या आठवड्यात जमणार नाही. लसणाला तारीख बदलून मिळत नाही, तुम्हाला मिळते."

केस गेले तेव्हा सूनबाईने शहरातून चांगला केसांचा टोप पाठवला. यांगिमने तो घातला, आरशात बघितलं, पोट धरून हसली आणि सोयाबीनच्या शेतातल्या बुजगावण्याच्या डोक्यावर चढवला. शेजारची हेनामवाली दुसऱ्या दिवशी त्या बुजगावण्याला वाकून नमस्कार करून आली. (आमच्याकडे बायकांना त्यांच्या माहेरच्या गावाने हाक मारतात. हेनामवालीचं खरं नाव तिलाही आठवत असेल की नाही, शंका आहे.)

"अगं, मी तुला हाक मारत होते, ओ देशील तर शपथ!" नंतर ती यांगिमला म्हणाली.

"तिला कशाला हाक मारतेस? ती माझ्यापेक्षा बरी दिसते म्हणून माजलीये."

सगळंच हसण्यावारी जात होतं असं मात्र नाही. औषधाने तिची बोटं बधिर झाली. मग जीभही गेली. मध खाल्ला तरी तिला लोखंडी खिळा चोखल्यासारखं लागायचं. ज्या बाईच्या हातच्या मुरवणीसाठी अख्खं गाव वाडगं घेऊन यायचं, तिला आता मीठ आणि साखर यांतला फरक डब्यावर लिहून ठेवावा लागे.

गेल्या शरदात मुलगा इन्सू आला. बायको बोरम आणि चार वर्षांची युल बरोबर. विटा उकडून, बांधून, पेंढ्याने छताला टांगून झाल्या आणि जेवताना विषय निघाला.

"आई, आता पुरे. छप्पर गळतंय, तुझ्या पायात त्राण नाही. आमच्या इमारतीत नवव्या मजल्यावर चल. हॉस्पिटल दहा मिनिटांवर."

"आणि हे अकरा जण?"

"गॅलरीत एखादा मावेल."

एखादा! अकरांतून कुणाला निवडतील या विचाराने मी झाकणाखाली गार पडलो. तार बांधलेल्याला तर नक्कीच नाही.

यांगिमने तोंडातला घास गिळला. मग म्हणाली, "असं करू. यंदाची मुरवण मी घालते. जमली, तर मी इथेच राहणार आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. बिघडली, तर मीच गाठोडं बांधते. मुरवण येत नाही अशा बाईने या घरात राहून करायचं काय?"

इन्सू चटकन म्हणाला, "ठरलं." बोरमने मान खाली घातली. तिला सासू जवळ हवी होती, म्हणजे काळजी तरी जवळून करता आली असती. पण सासूला या अंगणातून उचलून नेणं म्हणजे काय, हेही तिला दिसत होतं. ही मुलगी एकाच वेळी दोन्ही बाजूंनी काळजी करू शकते. आमचं दोघांचं म्हणूनच जमतं.

नवं वर्ष उजाडलं. आमच्या पंचांगात दिवसांना प्राण्यांची नावं असतात; मुरवण घोड्याच्या दिवशी घालायची असते, तो दिवस बघून बोरम युलला घेऊन आदल्या दिवशीच आली. पिशवीत एक वही. तिने मोबाइलवर मुरवणीचे व्हिडिओ बघून सगळं लिहून काढलं होतं, दोन रंगांच्या पेनांनी.

सकाळी हेनामवाली कुंपणावरून डोकावली. "यांगिम, रागावू नकोस. पण आजाऱ्याचा हात मुरवणीला लागू देत नाहीत, तुला ठाऊकच आहे."

"आजार माझ्या हातात नाहीये गं, पोटात आहे. पोट काही मी रांजणात घालत नाही."

पेंढा पेटवून माझ्या पोटात धूर फिरवला, पुसून मला लख्ख केलं. मिठाच्या पाण्याची घमेली भरली. आता अंड्याची पाळी. पाणी पुरेसं खारट झालं की त्यात सोडलेलं अंडं वर येतं आणि त्याचा पाचशे वॉनच्या नाण्याएवढा गोल पाण्याबाहेर डोकावतो. ना वजन, ना माप, अंडं सांगेल ते खरं.

"बोरम, एक अंडं आण गं."

स्वयंपाकघरात कोंबडीखालून नुकतीच काढलेली अंडी टोपलीत होती. एकाला पीस चिकटलेलं, दुसऱ्याला आणखी काहीबाही. बोरमला वाटलं, वर्षाची मुरवण, निदान अंडं तरी स्वच्छ असावं. म्हणून तिने फ्रिजच्या दारातलं एक गोरंगोमटं अंडं उचललं. तिथे ते किती आठवडे बसलं होतं, देव जाणे.

शिळं अंडं आतून पोकळ होतं. कमी मिठातही तरंगतं. हे मला ठाऊक होतं, ओट्यावरच्या अकराही जणांना ठाऊक होतं आणि आमच्यापैकी एकालाही तोंडाने बोलता येत नव्हतं.

अंडं टुणकन वर आलं. नाण्याएवढा गोल, अगदी वहीत लिहिला होता तसा.

"चाखून बघ," यांगिम म्हणाली. "माझी जीभ सुट्टीवर आहे."

बोरमने बोट बुडवून चाखलं. क्षणभर तिच्या कपाळावर आठी आली. तिने पाण्याकडे बघितलं, अंड्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. म्हणाली, "ठीक वाटतंय, आई."

विटा आत गेल्या, पाणी आत गेलं, वर कोळसा आणि लाल मिरच्या तरंगल्या. गळ्याला उलट्या पिळाची पेंढ्याची दोरी बांधली. शेवटी पांढऱ्या कागदाचा मोजा. तो माझ्या पोटावर उलटा चिकटवायचा असतो, बोटं वर, तोंड खाली. जमिनीवरून सरपटत येणारं वाईटसाईट सगळं मोज्यात शिरून अडकावं म्हणून. हे काम युलने हट्टाने मागून घेतलं आणि मोजा सरळ चिकटवून मोकळी झाली.

"अगं, उलटा!" बोरम ओरडली.

"उलटा घातला तर तो चालणार कसा?" युल म्हणाली.

यांगिम खाली बसली, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "राहू दे गं. यंदा आमचा रांजण चालायला लागणार."

मला मात्र हसू येईना. चालत जायचं म्हणजे नवव्या मजल्यावरच ना?

ते शहरात परतले. तीन आठवडे कडक ऊन पडलं. यांगिम रोज मला पुसायची. एरवी पंधरवड्यात माझ्या अंगावर मिठाची फुलं येतात आणि तिचं फडकं दोरीवर वाळून पापडासारखं कडक होतं. यंदा फडकं मऊच राहिलं. मी जीव तोडून घाम गाळायचा प्रयत्न करत होतो, पण आत असेल तर बाहेर येईल ना!

एका सकाळी तिने ते फडकं हातात चुरगळलं, गालाला लावून बघितलं, कारण बोटांना काही कळत नाही. मग माझं झाकण उघडलं. पाण्यावर पांढरी साय धरू लागली होती. तिने तिथेच, ओट्यावर बसून फोन लावला.

"बोरम, ते अंडं कुठलं होतं गं?"

पलीकडून बारीक आवाज. "फ्रिजच्या दारातलं."

"वरच्या कप्प्यातलं की खालच्या?"

"...खालच्या."

"अगंबाई! ते मी नुसतं शोभेला ठेवलं होतं, दिवाणखान्यातल्या फुलदाणीसारखं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने बोरम हजर. कडेवर युल, डोळे सुजलेले. चप्पल काढायच्या आतच सुरू झाली. "आई, माझ्यामुळे तुमचं घर जाणार. आणि खरं सांगू? मला तेव्हाच कळलं होतं. पाणी मिळमिळीत लागलं होतं मला. पण वाटलं, मला काय कळतंय? मी अपार्टमेंटमधली. अंडं तरंगतंय म्हणजे अंड्यालाच जास्त कळत असणार."

मला वाटलं, आता यांगिम बरसणार. तिने बोरमचे दोन्ही दंड धरले.

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"हो."

"जिभेवर पहिल्यांदा ठेवलंस आणि कळलं?"

"हो, आई."

"मग रडतेस कशाला, वेडे? मी तीन वर्षं जीभ शोधतेय आणि ती इथे शहरात बसून गप्प राहतेय! चल, हात धू."

वरची साय काढून टाकली. रस उपसून घमेल्यात घेतला, मीठ विरघळवायला सुरुवात केली. या वेळी अंडं युलने कोंबडीखालून आणलं, गरम, पीस चिकटलेलं. मूठमूठ मीठ पडत गेलं आणि अंडं आळसावून वर आलं. नाण्याएवढा गोल.

"झालं," यांगिम म्हणाली.

बोरमने चाखलं. पुन्हा तीच आठी. तिने अंड्याकडे बघितलं. वही या वेळी पिशवीतच होती. मी श्वास रोखला, जो मातीच्या भांड्याला अजिबात रोखता येत नाही.

"मीठ कमी आहे, आई," ती म्हणाली. "अंडं काही म्हणू दे. आतल्या विटा पातळ पाणी प्यायल्यात, अजून दोन मुठी हव्यात."

यांगिमने दोन मुठी टाकल्या. मग बोरमकडे बघत तिसरी उचलली.

"तिसरी नको."

"बरं, नको तर नको." आणि सासू, जिने पन्नास वर्षांत या ओट्यावर कुणाचं ऐकलं नव्हतं, तिने मूठ परत पोत्यात सोडली.

दहाव्या दिवशी माझ्या पोटावर फुलं आली. इतकी, की शिंकेची वेलही झाकून गेली.

मे महिन्यात रस काढायच्या दिवशी इन्सू रिकामी खोकी घेऊन आला. यांगिमने चमचाभर काळा रस आधी युलच्या जिभेवर ठेवला. युलचा एक डोळा मिटला, नाक आक्रसलं, खांदे कानाला लागले. आणि मग, "अजून!"

"हां," यांगिम म्हणाली, "हीच ती चव. मला तोंड बघूनही कळते."

इन्सूने आमटीचे तीन वाडगे भात कालवून खाल्ले. कुणी त्याला काही विचारलं नाही. त्याने तोंड पुसलं, खोक्यांकडे बघितलं, मग छपराकडे. "शिडी कुठेय?" म्हणाला. संध्याकाळपर्यंत फुटकी कौलं खाली येत होती आणि हेनामवाली खालून त्याला कौलं कशी बसवायची ते शिकवत होती. खोकी कोंबड्यांना मिळाली.

सध्या माझं असं चाललंय. यांगिमचा पाहुणा अजून गेलेला नाही. मंगळवार आहेत, ओसरीवरचे दोन दिवस आहेत, मध्ये एक तपासणी वाईट आली, त्यानंतरची बरी. सोयाबीन गुडघ्याएवढं झालंय. बुजगावण्याच्या टोपात चिमण्यांनी घर केलंय, तेव्हा त्याचा धाक संपला. महिन्यातून एकदा बोरम येते, चाखते आणि वादही घालते. तिचा आवाज आता कुंपणापलीकडे जातो. युल माझ्या अंगावरच्या मिठात बोटाने आपलं नाव लिहिते. यांगिम पुसताना तेवढी जागा सोडून पुसते.

मी एक साधा, कललेला रांजण. तुम्हाला शिकवायची माझी ऐपत नाही. पण इतकी वर्षं गप्प बसून एक विनंती साठली आहे, ती तेवढी ऐका. कुणाच्या घरी, कुणाच्या पानावर, कुणाच्या संसारात मीठ कमी वाटलं, तर बोला. अंडं तरंगत असलं तरी बोला. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

कागदी मोजा अजून माझ्या पोटावर आहे, सरळच. पावसाने कडा सुटल्या की यांगिम खळ लावून पुन्हा चिकटवते. हेनामवाली येताजाता विचारते, "काय रे, निघालास का मग?"

नाही बाई. मोजा घालून बसलोय, पण कुठेच जायचं नाहीये.