सेंट ज्युलियन्सच्या होडीची मिशी

मित्रांनो, मी माल्टा बेटावरची एक म्हातारी होडी आहे. सेंट ज्युलियन्सच्या धक्क्याला बांधलेली असते. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन डोळे रंगवलेत. आणि बाई असूनही मला मिशी आहे! हसा खुशाल. नाळेवरच्या रंगीत पट्ट्याला आमच्याकडे मिशीच म्हणतात. आमच्या धक्क्याची मिशी पिवळी. घरातलं कुणी गेलं की ती काळी करतात. मग भर समुद्रातसुद्धा दुसरे होडीवाले लांबूनच ओळखतात आणि टोपी काढतात.

मला माझ्या मालकाच्या, नार्दूच्या, वडिलांनी घडवलं. लग्नाच्या दिवशी नार्दूनं नव्या नवरीला, जीझाला, माझ्यातच बसवून खाडीत फिरवलं. तिचा पांढरा झगा डांबरानं माखला. "मेल्या, आजच्या दिवशी तरी होडी पुसायचीस!" असं म्हणून ती इतकी हसली, की मी डुलायला लागले.

पुढं कितीतरी हंगाम आम्ही लांपूकी मासे धरले. ताडाच्या झावळ्यांचे तराफे पाण्यावर सोडायचे आणि त्यांच्या सावलीला मासे जमले की जाळं टाकायचं. सगळा धक्का माझं कौतुक करायचा.

मग मासे कमी झाले. नार्दूच्या मुलानं, विस्तिननं, माझ्यात बाकडी ठोकली आणि प्रवासी फिरवायला लागला. नार्दू सुकाणूवर, हा बोलायला. "आमचा देश एवढासा! राजधानी व्हॅलेटा. युरो चालतो, इंग्रजी सगळ्यांना येतं, गाड्या डाव्या हातानं जातात. चर्चमध्ये खांदे झाकून जा, आणि उन्हात पाणी पीत राहा, नाहीतर तुम्हाला उचलून न्यावं लागेल!"

यंदा वसंतात जीझा गेली. नार्दूनं स्वतःच्या हातानं माझी मिशी काळी केली. काळ्या पट्ट्याबद्दल कुणी विचारलं की विस्तिन खरं ते सांगायचा. प्रवाशांचे चेहरे पडायचे, काही तर उतरून दुसऱ्या होडीत बसायचे.

"बाबा, लोक मजा करायला येतात. आपलं दुःख त्यांच्या गळ्यात कशाला?"

"वर्ष तरी होऊ दे रे."

"वर्षभर खायचं काय? आईलाही हे पटलं नसतं."

"आईला मध्ये आणू नकोस."

दुसऱ्याच दिवशी विस्तिननं मला पिवळं केलं. नार्दू आला, त्यानं हात लावला. रंग ओला होता. तो बोट विजारीला पुसत सुकाणूवर बसला. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! पण मिशी असली तरी मला तोंड कुठं आहे?

लांपूकीचा हंगाम आला. एका सकाळी प्रवासी घेऊन निघालो, तर समोरून तोनिनची होडी आली. तोनिन शेजारच्या गोझो बेटावरचा, नार्दूचा जुना दोस्त. वर्षातून एकदा, याच दिवसांत भेटणारा. त्यानं माझी पिवळी मिशी पाहिली आणि लांबूनच ओरडला, "काय रे म्हाताऱ्या, अजून जिवंत? आणि जीझाचा गुडघा काय म्हणतो?"

विस्तिननं माझ्या पिवळ्या मिशीकडं पाहिलं.

नार्दूनं सुकाणू जरासं वळवलं. "आता नाही दुखत," तो म्हणाला.

"बघ! मी म्हटलं नव्हतं, तेल चोळ म्हणून? माझा नमस्कार सांग तिला!"

"सांगतो."

तोनिन हात हलवत निघून गेला. प्रवाशांनी आमचे फोटो काढले, सगळे हसत होते. बापलेकांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

मित्रांनो, जुन्या होडीला रंग द्या, ती स्वच्छ ठेवा, तिची काळजी घ्या. पण ज्याचं माणूस गेलंय, त्याचं दुःख त्यानं पुसायच्या आधी तुम्ही पुसू नका.