खंडेनवमीला धुतलेले ग्लोव्हज

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा आणि मग खुशाल जवळ बसा. मी मुरगूडच्या कृष्णातची जुनी किटबॅग आहे. वय एकोणीस वर्षे. माझी एक चेन कायमची बिघडली आहे आणि पोटात घामाचा वास मुरला आहे.

कोल्हापुरातल्या एका कारागिराने मला जाड ताडपत्रीतून शिवले, तेव्हा कृष्णात अठरा वर्षांचा होता. तो वेगवान गोलंदाज होता. त्याच्या बुटांचे खिळे मला रोज टोचायचे, पण मी कधी कुरकुर केली नाही. तो राज्याच्या संघात गेला, तेव्हा गावाने त्याच्याबरोबर मलाही हार घातला.

सहा वर्षांनी त्याचा गुडघा दुखावला आणि वेगवान गोलंदाजी सुटली. आता आपली रवानगी माळ्यावर, असे मला वाटले. पण कृष्णात उसाच्या फडाशेजारी एकच स्टंप रोवून रोज तीनशे चेंडू टाकू लागला आणि ऑफस्पिन शिकला. पुढे संघात तरुण फिरकीपटू आले, तेव्हा या गड्याने एकतिसाव्या वर्षी यष्टिरक्षण शिकायला घेतले. त्या वयात लोक दुसऱ्यांना शिकवू लागतात. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

यंदा तो सदतीस वर्षांचा झाला. प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितले होते, की संघात एकच यष्टिरक्षक राहील, कृष्णात किंवा बावीस वर्षांचा विश्वजित. कोल्हापुरातल्या निवड सामन्यात ते ठरणार होते. हरला तर कृष्णातचे क्रिकेट तिथेच संपणार होते.

सामन्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्या घरी कोयता, खुरपी, ट्रॅक्टर अशी सगळी अवजारे धुऊन पुजतात. कृष्णातची आई, आक्का, माझीही पूजा करते. यंदा तिने त्याचे यष्टिरक्षणाचे ग्लोव्हज बाहेर काढले, वास घेतला आणि कढत पाण्यात साबणाने खसाखसा घासले. मग दिवसभर पत्र्यावर वाळवून, हळदकुंकू लावून, मोठ्या मायेने माझ्यात ठेवले. मला तोंड असते तर मी बोंब ठोकली असती.

मैदानावर कृष्णातने ते काढले, तर कातडे जुन्या वहाणेसारखे कडक झालेले आणि रबर सोललेले. उसन्या ग्लोव्हजमध्ये त्याचे मोठे पंजे मावेनात. त्याने घरी फोन लावला.

"आक्का, ग्लोव्हज तू धुतलंस व्हय?"

"मग? देवापुढं घाण ठेवायची व्हय? चांगलं झालं न्हवं?"

कृष्णातने ते कडक ग्लोव्हज परत माझ्यात ठेवले. "लई चांगलं झालंय," तो म्हणाला आणि फोन ठेवला. तेव्हा मला रडूच आले.

मग तो प्रशिक्षकांकडे गेला आणि आज यष्टिरक्षण जमणार नाही, गोलंदाजी द्या, म्हणाला. सहा वर्षांत तू सामन्यात चेंडू टाकलेला नाहीस, याची त्यांनी आठवण करून दिली.

"हात तोच हाय की, सर."

पहिल्या दोन षटकांत त्याला चांगलाच मार पडला. तिसऱ्यात बोटांना जुनी सवय आठवली. संध्याकाळपर्यंत त्याने पाच गडी बाद केले. समोरच्या संघातून विश्वजितनेही यष्टीमागे सुरेख काम केले.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. विश्वजितच्या नावापुढे यष्टिरक्षक असे लिहिले होते. खाली कृष्णातचेही नाव होते, पण त्यापुढे काहीच लिहिलेले नव्हते. काय लिहायचे ते तूच सांग, असे प्रशिक्षक हसत म्हणाले.

"मोकळंच असू द्या, सर. पुढं लागंल तसं बघू."

आक्काला त्याने खरे काही सांगितले नाही. ग्लोव्हज स्वच्छ होते म्हणूनच पोरगं निवडलं गेलं, असे ती साऱ्या गल्लीला सांगते.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या, पण त्यांना काय सोसते ते आधी विचारून घ्या. आणि कुणी एका कामातून गेला, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. दुसरे काम देऊन बघा.